जर्मनीतला पहिला आठवडा: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

जर्मनीत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात करायची कामं दहा-बाराच असतात आणि त्यातलं एकही अवघड नाही. खरी गोची क्रमाची आहे. बँकेला पत्ता हवा असतो, पत्त्याच्या नोंदणीला घरमालकाची सही लागते, पगारातून योग्य तेवढाच कर कापला जायला करक्रमांक लागतो. तो करक्रमांक पोस्टाने येतो, आणि टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो. साखळीतली पहिली कडी निसटली की पुढचा महिनाभर निस्तरत बसावं लागतं. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने दिली आहेत. शिकायला आलेले आणि नोकरीवर आलेले, दोघांनाही बहुतेक सगळं लागू आहे.

पहिला दिवस: किल्ली आणि टपालपेटी

किल्ली हातात घेताना घराच्या स्थितीचा लेखी कागद करून घ्या. त्याला यूबरगाबे-प्रोटोकोल म्हणतात. भिंतीवरचे डाग, फरशीवरचे ओरखडे, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे असं सगळं त्यात लिहून दोघांनी सही करायची आणि फोटोही काढून ठेवायचे. घर सोडताना अनामत रक्कम परत मिळणार की नाही, हे या कागदावर ठरतं. ही अनामत, म्हणजे काउट्सिओन, मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल' असं सांगणारा घरमालक भेटला तर ती फसवणूक समजून पुढे जा.

मग टपालपेटी. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि तुमचं नाव, एवढाच पत्ता. पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, करक्रमांक सगळं याच पेटीत येतं, आणि पिन व कार्ड मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी येतात. म्हणून पहिल्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर पासपोर्टवरचं आडनाव ठळक लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवा. पक्की पाटी घरमालक नंतर लावेल. आपल्याकडच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुतेकदा 'गिव्हन नेम'मध्ये असतं, त्यामुळे काही कार्यालयं तेच तुमचं दुसरं नाव धरतात. हरकत नाही, फक्त सगळीकडे एकच रूप वापरा. एका ठिकाणी वडिलांच्या नावासकट आणि दुसऱ्या ठिकाणी त्याशिवाय असं झालं की विमा कंपनी आणि विद्यापीठाच्या नोंदी जुळत नाहीत. दुसऱ्याच्या घरी तात्पुरते राहत असाल तर स्वतःच्या नावाखाली सी-ओ (c/o, म्हणजे 'यांच्याकडे') लिहून यजमानाचं आडनाव द्यायचं.

पहिल्या दिवशीच अंगवळणी पाडायची आणखी एक गोष्ट म्हणजे दार. फ्लॅटच्या दाराला बाहेरून बहुधा फिरणारी मूठ नसते. वाऱ्याने दार लागलं आणि किल्ली आत राहिली की तुम्ही बाहेर. रात्री किंवा रविवारी कुलूपवाला बोलावला तर काही शे युरो जातात आणि या धंद्यात लुबाडणारेही बरेच आहेत. कचरा टाकायला जातानासुद्धा किल्ली खिशात हवी. आतून कुलपात किल्ली अडकवून ठेवायची सवयही नको, कारण मग दुसरी किल्ली असूनही बाहेरून दार उघडत नाही.

रविवारच्या आधी वाणसामान

रविवारी दुकानं बंद असतात. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, तुर्की किराणा, सगळंच. सरकारी सुट्टीच्या दिवशीही तेच. शनिवारी संध्याकाळी विमान उतरत असेल तर सोमवार सकाळपर्यंतची सोय आधीच करून ठेवावी लागते. अगदी अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनमधली दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास उघडणारी बेकरी एवढाच आधार. बव्हेरियात आठवड्याच्या दिवशीही दुकानं रात्री ८ वाजता बंद होतात.

पाकिटात ५०-१०० युरो रोख ठेवा. बऱ्याच बेकऱ्या आणि डोनरची दुकानं फक्त रोख घेतात, काही ठिकाणी फक्त जर्मन बँकेचं कार्ड चालतं. भारतातून आणलेलं कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असावं, रुपेच्या भरवशावर राहू नका. नळाचं पाणी पिण्याचंच असतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. काही शहरांत ते जड असतं, म्हणून किटलीत पांढरा थर जमतो. दोन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड किंवा थोडं व्हिनेगर पाण्यात घालून तासभर ठेवलं की तो निघतो.

पत्त्याची नोंदणी: आनमेल्डुंग

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. हे काम ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात होतं. काही शहरांत त्याला ब्युर्गरब्युरो म्हणतात. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही. युक्ती अशी की एका कार्यालयाला चिकटून बसायचं नाही. शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टची वेळ चालते, आणि रद्द झालेल्या वेळा सकाळी पुन्हा यादीत दिसतात. दोन आठवड्यांतली वेळ मिळालीच नाही तर बुकिंगची पावती जपून ठेवा. प्रयत्न केल्याचा तोच पुरावा.

सोबत न्यायचं:

– पासपोर्ट आणि त्यातला व्हिसा, मूळ प्रत
– भरलेला नोंदणी अर्ज, शहराच्या संकेतस्थळावर मिळतो
– वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग, म्हणजे 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते' असं घर देणाऱ्याने सही करून दिलेलं पत्र
– लग्न झालेलं असेल आणि जोडीदार बरोबर असेल तर विवाह प्रमाणपत्र, शक्यतो प्रमाणित जर्मन भाषांतरासह

तिसरा कागद नसल्यामुळे लोक सगळ्यात जास्त वेळा परत पाठवले जातात. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. पोटभाड्याने राहत असाल तर मुख्य भाडेकरू सही करू शकतो. हॉटेल किंवा सुट्टीपुरतं घेतलेलं घर यांच्याकडून हे पत्र बहुधा मिळत नाही, म्हणून बुक करतानाच 'आनमेल्डुंग होईल का' हे विचारून घ्यायचं. पैसे घेऊन खोटा पत्ता देणारे लोक समाजमाध्यमांवर सापडतात. ते बेकायदेशीर आहे आणि दंड तुम्हालाही होऊ शकतो.

अर्जात धर्माचा रकाना असतो आणि तो घाईत भरण्यासारखा नाही. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की चर्चचा कर लागू होतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. वसईहून किंवा गोव्याहून आलेल्यांनी हे माहीत असूनच लिहावं. हिंदू, बौद्ध, मुस्लिम वाचकांना हा कर नाही, रकाना मोकळा ठेवला तरी चालतो.

नोंदणी झाली की तिथेच एक कागद हातात मिळतो. त्याच्या दोन-तीन प्रती स्कॅन करून ठेवा, पुढे सगळीकडे तोच मागतात. ११ आकडी करक्रमांक यानंतर दोन-तीन आठवड्यांत पोस्टाने आपोआप येतो, त्यासाठी वेगळा अर्ज नाही. तो पगाराच्या आधी पोचला नाही तर कंपनी सगळ्यात चढ्या दराने कर कापू शकते. जास्तीचा पैसा नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्याची ओढाताण होते. आणि तो पोचणार कुठे, तर त्याच टपालपेटीत.

काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही वर्गणीचंही पत्र येईल. घरात टीव्ही नाही हे कारण चालत नाही. दरमहा १८.३६ युरो, पण माणशी नाही, घरटी. सामायिक घरात राहत असाल आणि दुसरा कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवला की तुमचं काम संपलं. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर थकबाकी मात्र वाढत जाते.

बँक, फोन, विमा

विद्यार्थ्यांनी व्हिसासाठी श्पेरकॉन्टोत, म्हणजे पैसे अडकवून ठेवलेल्या खात्यात, जे ११,९०४ युरो ठेवलेले असतात, त्यातले महिन्याला ९९२ युरोच सुटतात. तेही आपोआप नाही. साधं चालू खातं, म्हणजे जीरोकॉन्टो, उघडून त्याचा क्रमांक कळवावा लागतो. याला दोन-तीन आठवडे सहज लागतात, म्हणून तोवरचं भाडं आणि जेवणखर्च फॉरेक्स कार्डवर हवा. ऑनलाइन बँका व्हिडिओवर ओळख तपासतात. भारतीय पासपोर्ट तिथे कधी स्वीकारला जातो, कधी नाही. नाही झाला तर पोस्ट-इडेंट निवडा: कुपन छापून किंवा फोनवर घेऊन पोस्टाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवायचा.

प्रीपेड सिमलाही ओळख तपासणी असते. सुपरमार्केटमध्ये घेतलेलं सिम खिशात टाकलं की सुरू होत नाही, वायफायवर बसून व्हिडिओ तपासणी करावी लागते. ती अडली तर फोनच्या दुकानातून घ्या, तिथे माणूस पासपोर्ट बघून लगेच चालू करून देतो. भारतातलं सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि रोमिंग भारतातून निघण्याआधी सुरू केलेलं असेल तर बरं.

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य विमा विद्यार्थी दरात मिळतो, महिना दीडशे युरोंच्या आसपास. नोकरदाराचा हप्ता पगारातून कापला जातो, निम्मा भार कंपनीचा. कार्ड यायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर विमा कंपनीकडून सदस्य असल्याचं तात्पुरतं पत्र मागून घ्या. डॉक्टरकडे ते चालतं.

घर कसं वापरायचं

खिडकीची मूठ तीन स्थितींत फिरते. खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडी, वर म्हणजे वरच्या बाजूने तिरकी. खिडकी उघडी असतानाच मूठ चुकून वर फिरवली तर आख्खी चौकट एका कोपऱ्यावर लटकते आणि आता ती अंगावर पडणार असं वाटतं. पडत नाही. बिजागरीकडचा वरचा कोपरा तळहाताने चौकटीत घट्ट दाबून धरायचा, मूठ आडवी करायची, खिडकी बंद करायची आणि मूठ खाली. जोर लावायची गरज नसते, लागतोय असं वाटलं तर वरचा कोपरा अजून बसलेला नाही.

थंडीत दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं. जर्मन लोक याबाबत हट्टी आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. घरं हवाबंद असतात. कुकरची वाफ, अंघोळीची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे यांचा ओलावा थंड भिंतीवर जमतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. तिचा खर्च भाडेकरूच्या अनामतीतून वळता होऊ शकतो. खिडकी दिवसभर तिरकी ठेवून हीटर चालू ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार: हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि गॅसचं बिल वाढतं. हीटरच्या मुठीवरचा ३ हा आकडा साधारण २० अंशांसाठी असतो. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापत जाते.

बाथरूममध्ये शॉवरची जागा सोडून बाकी फरशीला बहुधा जाळीच नसते. बादली-तांब्याची अंघोळ करायची तर शॉवरच्या तबकात किंवा टबात बसूनच. बाहेर सांडलेलं पाणी खालच्या मजल्याच्या छतात उतरतं. जेट स्प्रे नसतो, पण दाबायची प्लास्टिकची छोटी बाटली किंवा तांब्या ठेवला की प्रश्न मिटतो. टॉयलेट पेपर संडासातच टाकायचा, टिश्यू आणि ओले वाइप्स मात्र नाही.

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळायची. मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम या वेळात नको. इडलीचं पीठ शनिवारी दुपारी वाटून ठेवा.

स्वयंपाक

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मिक्सर, कुकर सगळं चालतं, फक्त तीन पिनांचा भारतीय प्लग बसत नाही. अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि मिक्सर किंवा किटलीसाठी तो १६ अँपिअरचा असावा.

शेगडीवर काळी काच असेल तर ती दोनपैकी एक असते. चालू केल्यावर काचेखाली लाल तार दिसली तर साधी, आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालतो. लाल काही दिसलं नाही आणि भांडं ठेवल्यावरच ती सुरू झाली तर इंडक्शन, तिथे अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतं का एवढंच बघायचं. गोल बुडाची कढई दोन्हीकडे निरुपयोगी, तवाही सपाटच हवा. लाल तारेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे भात शिजत आला की दोन-तीन मिनिटं आधीच बंद करायचा.

फोडणीचा धूर ही इथली नेहमीची अडचण. झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धूरसूचक यंत्र बसवणं बंधनकारक आहे. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून मिरच्या तडतडवल्या तर ते वाजणारच. विद्यार्थी वसतिगृहात ही यंत्रं थेट अग्निशमन दलाशी जोडलेली असू शकतात आणि फेरीचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. दार बंद, खिडकी उघडी, चिमणी चालू, मग मोहरी. यंत्रावर पिशवी बांधणं हा उपाय नव्हे.

पिठाच्या पाकिटावरचा आकडा समजून घ्या. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, १०५० जरा तपकिरी, फोलकोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. नुसत्या ४०५ च्या पोळ्या रबरी होतात, नुसत्या फोलकोर्नच्या कडेला चिरतात. निम्मं १०५०, निम्मं फोलकोर्न, जरा जास्त पाणी आणि अर्धा तास भिजवण, एवढ्याने भागतं. आटा मिळणारं भारतीय दुकान सापडेपर्यंत हे पुरे. सुपरमार्केटमधली रोटे लिन्झन म्हणजे आपली मसूर डाळ. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला भारतीय दुकानातच. कोथिंबिरीची भरघोस जुडी तुर्की दुकानात मिळते, सुपरमार्केटमध्ये कुंडीतल्या चार काड्यांचे दुप्पट पैसे. मऊ भातासाठी मिल्शराइस नावाचा आखूड तांदूळ वापरा.

तूप भारतातून आणता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे, त्यात पेढे-बर्फीही आली. इथलं लोणी मात्र उत्तम आहे. पाकीट २५० ग्रॅमचं, त्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश, म्हणजे साधारण २०० ग्रॅम तूप. पाकिटावर झाउअर-राम लिहिलेलं लोणी घ्या. ते विरजण लावलेल्या सायीचं असतं, त्यामुळे तुपाला घरच्या लोण्याचा वास येतो. मीठ घातलेलं घेऊ नका. चक्क्यासाठी क्वार्क, पण पाकिटावर ४० टक्के लिहिलेला. तो पंच्यात दोन-तीन तास टांगला की श्रीखंड होतं. मागरक्वार्क हा बिनसायीचा प्रकार भरभरीत लागतो.

शाकाहारी लोकांनी पाकिटामागचे तीन शब्द ओळखावेत: गेलाटिने, श्पेक आणि फ्लाइश. जिलेटिन गोळ्यांत आणि काही डेझर्टमध्ये असतं, श्पेक म्हणजे डुकराचं मांस आणि ते बटाट्याच्या सूपात किंवा सॅलडमध्ये न सांगता येतं. 'फेगेटारिश' लिहिलेलं असलं की मांस आणि जिलेटिन नाही, अंडं मात्र असू शकतं.

बस, ट्रेन, रस्ता

डॉइचलांडटिकिटावर देशभरातल्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या चालतात, २०२६ पासून महिना ६३ युरो. आय-सी-ई आणि आय-सी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना ते चालत नाही. हे वर्गणीचं तिकीट आहे, थांबवायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. विद्यार्थ्यांनी आधी आपल्या सत्रशुल्कात तिकीट आहे का ते पाहावं. बऱ्याचदा असतं.

सुटं कागदी तिकीट घेतलं तर बऱ्याच शहरांत ते फलाटावरच्या किंवा बसमधल्या छोट्या पेटीत घालून शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड ६० युरो. 'नवीन आहे' हे कारण तपासनीस रोज ऐकतो. जर्मन गाड्या वेळेवर धावतात हा समज आता सोडून द्यावा, सरकारी कार्यालयाच्या वेळेसाठी एक गाडी आधीची पकडा. लाल रंगाची किंवा सायकलचं चित्र असलेली पट्टी सायकलस्वारांची, तिच्यावर बॅग ओढत चालू नका.

बाटल्या आणि कचरा

एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर २५ सेंट ठेव असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात घालायची, पावती गल्ल्यावर द्यायची. चेपलेल्या बाटलीवरची खूण यंत्राला वाचता येत नाही, म्हणून बाटली चेपू नका. कचरा कागद, वेष्टन, ओला आणि उरलेला असा वेगळा होतो. पेट्यांचे रंग गावागणिक थोडे बदलतात, झाकणावरचं वाचा. काच टाकायच्या मोठ्या पेट्या रस्त्यावर असतात, रविवारी आणि रात्री त्यात बाटल्या टाकायच्या नाहीत.

आजारी पडलात तर

जीवावरचं असेल तर ११२, पोलिसांसाठी ११०, आणि दवाखाने बंद असताना ताप-पोटदुखीसाठी ११६११७. पॅरासिटामॉलसुद्धा सुपरमार्केटमध्ये नाही, फक्त औषधाच्या दुकानात मिळतं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळतच नाही. रविवारी कुठलं दुकान पाळीवर आहे ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं.

व्हिसा संपायला वेळ असला तरी

पासपोर्टमधला व्हिसा प्रवेशापुरता आहे. राहण्याचा परवाना आउसलेंडरबेहोर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून घ्यायचा असतो आणि तिथल्या वेळेसाठी काही शहरांत महिनोन्‌महिने थांबावं लागतं. पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात अर्ज टाका. व्हिसा संपण्याआधी अर्ज पोचलेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर धरलं जातं, आणि त्याचा पुरावा म्हणून फिक्त्सिओन्स-बेशाइनिगुंग नावाचा कागद मागता येतो. मधल्या काळात दिवाळीला घरी यायचं असेल तर तिकीट काढण्याआधी त्या कागदावर निवास कायद्याच्या कलम ८१ च्या उपकलम ४ पुढे खूण आहे ना ते बघा. उपकलम ३ पुढे खूण असेल तर त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही.